निळे ठिपके कुठून आले? अंबडमधील एका स्टेनलेस पात्राचे प्रकरण

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या फॅब्रिकेशन कारखान्याकडे अणुवीज केंद्राच्या साहाय्यक प्रणालीत बसणारी स्टेनलेस स्टीलची पात्रे बनवण्याचे काम आले होते. कारखान्याची ओळख पटेल असे तपशील या लेखात वगळले आहेत. पात्र दिसायला साधे होते: दोन्ही टोकांना डिश एंड (बशीसारखी फुगीर झाकणे), बाजूला व खाली मिळून काही नोझल (पाइप जोडायची तोंडे), आणि माणसाच्या खांद्याला लागेल एवढी उंची. आत रेझिन (अशुद्धी धरून ठेवणारे बारीक मणी) भरायचे आणि त्यातून अणुभट्टीतील मंदकाचे, म्हणजे न्यूट्रॉनचा वेग कमी करणारे, जड पाणी फिरवून त्यात विरघळलेल्या अशुद्धी काढून घ्यायच्या, एवढेच त्याचे काम. दाब बेताचा, तापमान बेताचे आणि आकारही किचकट नाही. या कारखान्याने नाशिक परिसरातील वाइनरींसाठी आणि दूध प्रक्रिया केंद्रांसाठी ३०४ या नेहमीच्या प्रतीच्या स्टेनलेसच्या टाक्या वर्षानुवर्षे बनवल्या होत्या. त्यामुळे ‘स्टेनलेस आम्हाला नवीन नाही’ ही मालकांची भावना पोकळ बढाई नव्हती. वेल्डर कसलेले होते, रेडिओग्राफीत (किरणांनी जोडाच्या आत पाहण्याच्या तपासणीत) जोड एकामागून एक पास होत होते आणि पहिल्या पात्राची हायड्रो टेस्टही (पाणी भरून दाबाखाली घ्यायची चाचणी) विनातक्रार पार पडली होती.

अडचण त्यानंतर आली. गुणवत्ता आराखड्यात अंतिम स्वच्छतेच्या आधी एक होल्ड पॉइंट होता, म्हणजे ग्राहकाच्या निरीक्षकाने पाहून सही केल्याशिवाय काम पुढे न्यायचे नाही असा टप्पा. तिथे मुक्त लोहाची चाचणी घेतली गेली, जिला सगळे फेरॉक्सिल टेस्ट म्हणतात. ऊर्ध्वपातित पाण्यात थोडे नायट्रिक आम्ल आणि वजनाने सुमारे तीन टक्के पोटॅशियम फेरिसायनाइड घालून त्याच दिवशी ताजे द्रावण बनवायचे, ते पृष्ठभागावर बारीक फवारायचे आणि पंधरा सेकंदांच्या आत निळा रंग उमटतो का हे पाहायचे, अशी ही पद्धत आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये लोह भरपूर असते, पण ते क्रोमियम ऑक्साइडच्या पापुद्र्याखाली बांधलेले असते, म्हणून निरोगी पृष्ठभागावर रंग उमटत नाही. रंग उमटला, तर बाहेरून आलेले लोखंड तिथे बसले आहे असे समजायचे. या पात्रावर रंग उमटला, तोही एका ठिकाणी नव्हे, तर अनेक ठिकाणी.

थोड्याशा लोखंडाने काय बिघडते

वाइनच्या टाकीवर असा ठिपका असता तर काही दिवसांनी तिथे गंजाचा डाग दिसला असता, कोणीतरी पॉलिश मारून तो काढला असता आणि विषय संपला असता. अणुउद्योगात तो तसा संपत नाही. याचे कारण धातू वेगळा असतो हे नाही, तर पात्र एकदा प्रणालीत बसले की त्याच्याजवळ माणसाला सहज जाता येत नाही, हे आहे.

३०४एल, म्हणजे ३०४ ची कमी कार्बनची आवृत्ती; या प्रतीच्या पोलादात कार्बन जास्तीत जास्त ०.०३ टक्के, क्रोमियम साधारण १८ ते २० टक्के आणि निकेल ८ ते १२ टक्के असते. त्याला गंजापासून वाचवणारा ऑक्साइडचा पापुद्रा अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा असतो. त्यावर साध्या पोलादाचा कण दाबला गेला की तो कण आधी गंजतो, गंजाखाली ओलावा आणि क्लोराइड धरून ठेवतो आणि तिथला पापुद्रा पुन्हा जुळू देत नाही. जोडाच्या कडेला वेल्डिंगमुळे उरलेला ताण असतो. हा ताण, क्लोराइड आणि वाढलेले तापमान हे तिन्ही एकत्र आले की या जातीच्या पोलादाला तडे जाऊ शकतात. असे तडे बाहेरून फारसा गाजावाजा न करता वाढतात, हे रासायनिक उद्योगातही अनेकांनी पाहिलेले आहे.

मंदकाच्या प्रणालीत आणखी दोन गोष्टींची भर पडते. पाण्याबरोबर गंजाचे कण अणुभट्टीच्या गाभ्यापर्यंत फिरून आले, तर न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली ते स्वतः किरणोत्सारी होतात. त्यांत कोबाल्टचा अंश असेल तर कोबाल्ट-६० तयार होते, ज्याचे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांहून थोडे अधिक आहे. पाइपांच्या कोपऱ्यात साचलेले हे कण देखभालीच्या माणसांना वर्षानुवर्षे किरणोत्साराची मात्रा देत राहतात. दुसरे असे की, वापरात असलेल्या जड पाण्यात ट्रिटियम (हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप) तयार झालेले असते, त्यामुळे तिथली गळती ही साध्या पाण्याची गळती नसते. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोत्साराच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा घातली आहे (मिलिसिव्हर्ट हे शरीराला मिळालेली किरणोत्साराची मात्रा मोजण्याचे एकक). अंबडमध्ये ग्राइंडर फिरवून अर्ध्या तासात काढता येणारा दोष तिथे काढायचा झाला, तर त्यासाठी माणसांच्या या वार्षिक हिशेबातील काही भाग खर्च करावा लागतो. निरीक्षक निळ्या ठिपक्यांवर अडून बसला होता त्यामागचे कारण हे होते, आणि मालकांना ते पहिल्या दिवशी पटले नव्हते.

पहिला निष्कर्ष आणि तो का बाजूला ठेवावा लागला

नापसंतीचा अहवाल हातात पडल्यावर कारखान्याने दोन दिवसांत उत्तर तयार केले. हेल्परच्या निष्काळजीपणामुळे दूषण झाले, त्याला समज दिली आहे, सर्वांना पुन्हा प्रशिक्षण दिले आहे आणि पात्राचे पॅसिव्हेशन (आम्लाने धुऊन संरक्षक पापुद्रा पुन्हा जुळू देण्याची प्रक्रिया) करून घेत आहोत, असे ते उत्तर होते. आपल्याकडच्या कारखान्यांतील सुधारणा-अहवाल चाळले तर ‘पुन्हा प्रशिक्षण दिले’ हे वाक्य बहुधा सर्वाधिक वेळा सापडेल, आणि माझ्या मते त्या रकान्यात लिहिता येण्यासारखे सर्वांत निरुपयोगी वाक्यही तेच आहे. माणसाला काय करायचे ते माहीत नव्हते, असे त्यात गृहीत धरलेले असते. इथे हेल्परला नियम तोंडपाठ होते. स्टेनलेसला वेगळा ब्रश, वेगळे चाक, वेगळे हातमोजे, सगळे त्याने न अडखळता सांगितले.

पॅसिव्हेशनला निरीक्षकाची हरकत नव्हती. नायट्रिक आम्ल पृष्ठभागावरचे सुटे लोखंड विरघळवते हे खरेच आहे. पण ठिपके कुठून आले हे कळण्याआधी ते पुसले, तर दुसऱ्या पात्रावर ते पुन्हा उमटणार आणि तेव्हा चाचणी नेमकी त्याच जागी होईल याची खात्री नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. म्हणून पात्र धुण्याआधी ठिपक्यांचा नकाशा काढायचे ठरले. पात्राचा विस्तारित आराखडा (पृष्ठभाग उलगडून सपाट दाखवणारा) मोठ्या कागदावर छापला, फवारणी पट्ट्यापट्ट्याने पुन्हा केली आणि प्रत्येक निळी खूण तिच्या आकारासह कागदावर उतरवली. प्रत्येक पट्टा पाहून होताच तो धुऊन काढावा लागत होता, कारण फेरिसायनाइडचे द्रावण पृष्ठभागावर वाळू द्यायचे नसते.

नकाशा पाहिल्यावर ‘निष्काळजीपणा’ हा शब्द अपुरा आहे हे सगळ्यांच्याच ध्यानात आले, कारण खुणा तीन वेगवेगळ्या तऱ्हांच्या होत्या. दोन जोडांच्या कडेने बारीक, समांतर रेघा होत्या, जणू कोणी कंगवा ओढला असावा. नोझलच्या वरच्या अंगाला आणि वरच्या डिश एंडवर विखुरलेले, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके होते, पण त्याच नोझलच्या खालच्या अंगाला एकही नव्हता. आणि खालच्या बाजूला, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, दोन जाड ओरखडे होते. ओरखड्यांचा उलगडा तिथल्या तिथे झाला, कारण ते अंतर फोर्कलिफ्टच्या दोन काट्यांच्या अंतराशी तंतोतंत जुळत होते. काट्यांवर नायलॉनचे आवरण चढवले आणि तो विषय तिथे मिटला. उरलेल्या दोन खुणांनी मात्र वेळ घेतला.

हिरव्या टेपचा ब्रश

कारखान्यात स्टेनलेसच्या तारेचे ब्रश वेगळे ओळखू यावेत म्हणून त्यांच्या मुठीला हिरवी टेप गुंडाळण्याची पद्धत होती. साध्या पोलादाच्या कामाचे ब्रश बिनटेपचे. रेघा ज्या जोडांवर होत्या ते दोन्ही जोड एकाच दिवशी पहिल्या पाळीत साफ झाले होते, आणि ते साफ करणाऱ्याने हिरव्या टेपचाच ब्रश वापरला होता. तो ब्रश सापडला. त्यावर फेरॉक्सिलचे दोन थेंब टाकताच तारांचा अर्धा गुच्छ निळा झाला.

तार स्टेनलेसची, टेप हिरवी आणि तरीही ब्रश दूषित, हे कसे झाले? पाळीच्या नोंदी आणि स्टोअरची वही शेजारी ठेवून पाहिल्यावर क्रम लागला. आदल्या दिवशी ब्रशांचा नवा गठ्ठा आला होता आणि स्टोअरकीपरची पाळी संपल्यामुळे टेप लावायची राहून गेली होती. रात्रपाळीत साध्या पोलादाच्या फिक्श्चरवरचे (काम धरून ठेवणाऱ्या सांगाड्यावरचे) वेल्डिंगचे शिंतोडे काढायला एकाला ब्रश हवा होता. नियमाप्रमाणे त्याने बिनटेपचा ब्रश उचलला, काम केले आणि होता तिथे परत ठेवला. सकाळी स्टोअरकीपर आला. गठ्ठा स्टेनलेसच्या ब्रशांचा आहे हे त्याला चलनावरून माहीत होते, म्हणून त्याने सगळ्या ब्रशांना हिरवी टेप लावली. त्यानंतर पहिल्या पाळीतल्या माणसाने हिरवी टेप पाहून ब्रश घेतला.

या साखळीत नियम कोणी मोडला, हे शोधायला गेले तर हाताला काही लागत नाही. तिघांनीही आपापल्या जागी बरोबर तेच केले. चूक टेपच्या कल्पनेतच होती. ब्रश काय म्हणून विकत घेतला हे टेप सांगत होती, पण तो कुठे कुठे फिरून आला हे सांगण्याची तिची कुवत नव्हती, आणि सगळे जण मात्र तिच्याकडून तेच वाचत होते. मानवी चुकांबद्दल बोलताना आपण माणसाच्या मनाकडे फार लवकर वळतो. इथे बघण्यासारखी गोष्ट होती ती ब्रश ठेवण्याची फळी.

त्यातून झालेला बदल साधाच होता. अणुउद्योगाच्या कामाचे ब्रश आता आतल्या स्वच्छ दालनातच राहतात आणि त्यांच्या मुठी ब्रश बनवणाऱ्याकडूनच निळ्या रंगात आलेल्या असतात. प्रत्येक ब्रश जॉबच्या नावाने दिला जातो. फळीवर प्रत्येकाची बाह्याकृती रंगवली आहे, म्हणजे पाळी संपताना कोणती जागा रिकामी आहे हे दारातूनच दिसते. दालनाबाहेर गेलेला ब्रश कोणत्याही कारणाने परत आत येत नाही. त्याची मूठ कापून तो साध्या कामाला दिला जातो. सुरुवातीला ही उधळपट्टी वाटली. पण एका ब्रशची किंमत आणि एका पात्राच्या पुन्हा केलेल्या सफाईची किंमत यांची तुलना करायला हिशेबनीस लागत नाही.

जाता जाता आणखी एक गोष्ट हाती लागली. ती हिरवी टेप पीव्हीसीची होती, म्हणजे तिच्यात क्लोरीन होते, आणि तिचा चिकटा ब्रश वापरणाऱ्याच्या हातमोज्यांवरून पात्रापर्यंत जाऊ शकत होता. ज्या कामात डाय पेनिट्रंटच्या, म्हणजे रंगीत द्रव भिनवून तडे शोधण्याच्या चाचणीच्या, रसायनांतसुद्धा क्लोरीन आणि फ्लोरीन मिळून ०.१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही आणि मार्करही कमी हॅलोजनचे (क्लोरीन-फ्लोरीनच्या गटातील मूलद्रव्ये कमी असलेले) घ्यावे लागतात, तिथे साध्या चिकटपट्टीकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

पडदा कोणी वर केला

वरून पडलेल्या ठिपक्यांचे मूळ शोधण्यासाठी एक चांगली युक्ती वापरली गेली. स्टेनलेसच्या लहान, स्वच्छ केलेल्या चकत्या दालनात निरनिराळ्या जागी मांडून ठेवल्या, दर काही तासांनी उचलल्या आणि त्यांच्यावर फेरॉक्सिल फवारले. आतल्या भिंतीकडच्या चकत्या कोऱ्या राहिल्या. दाराजवळच्या निळ्या झाल्या, पण फक्त दुपारच्या. शेजारच्या प्लॉटवर स्ट्रक्चरल स्टीलचे काम चालते आणि तिथले ग्राइंडिंग दुपारी उघड्यावर होते. मधली भिंत उंच असली तरी ग्राइंडिंगची धूळ तिच्यावरून येत होती.

मग दालनाचा पडदा काय करत होता? पडदा पट्ट्यापट्ट्यांचा होता आणि दुपारी तो गुंडाळून वर बांधलेला असे. एप्रिलचा महिना होता. पत्र्याच्या छपराखाली नाशिकचा उन्हाळा काय असतो हे सातपूर-अंबडमध्ये काम केलेल्यांना सांगायला नको. दालनात पंखा होता, पण टिग वेल्डिंग चालू असताना तो बंद ठेवावा लागे, कारण पंख्याच्या झोताने जोडावरचे आरगॉनचे आवरण विस्कटते आणि जोडात छिद्रे पडतात. वेल्डरने पंखा बंद करायला लावणे पूर्णपणे योग्य होते. पंखा बंद झाला की आत उभे राहणे अशक्य होई, म्हणून हेल्पर पडदा वर बांधत असे. पडदा धुळीसाठी आहे हे त्याला ठाऊक होते, पण त्याच्या डोळ्यांसमोर धूळ नव्हती, घामाने निथळणारा वेल्डर होता. पर्यवेक्षकही रोज तिथून जात असे आणि वर बांधलेला पडदा पाहून काहीच बोलत नसे.

हा भाग मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एक बरोबर निर्णय घेतला की त्याची गैरसोय कोणाच्या तरी अंगावर पडते, आणि तो माणूस आपल्या परीने तिच्यातून वाट काढतो. त्यातूनच पुढची चूक जन्माला येते. तिला शिस्तीचा प्रश्न समजून दंड लावला असता, तर पडदा निरीक्षक असताना खाली राहिला असता आणि तो गेल्यावर वर गेला असता. त्याऐवजी दालनात भिंतीच्या वरच्या अंगाने गाळलेली हवा हळू सोडणारी डक्टची सोय केली, म्हणजे आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त राहतो आणि हवा जोडावर झोताने येत नाही. पीव्हीसीचा पडदा काढून त्या जागी दुहेरी दार बसवले. वेल्डिंगच्या पाळ्या उन्हाळ्यात सकाळी लवकर सुरू केल्या. चकत्या मांडण्याची पद्धत मात्र कायम ठेवली. आता त्या रोज मांडल्या जातात आणि त्यांचा निकाल दालनाच्या दारावरच लिहिला जातो.

पात्राचे पुढे काय झाले

खोल रुतलेले लोखंड नुसत्या आम्लाने निघत नाही, म्हणून ओरखडे आणि रेघा आधी लोह, गंधक आणि क्लोरीन नसलेल्या नव्या फ्लॅप डिस्कने हलक्या हाताने घासून काढल्या, तिथली जाडी अल्ट्रासॉनिकने मोजून किमान मर्यादेच्या वर असल्याची खात्री केली आणि त्या जागांची डाय पेनिट्रंट टेस्ट पुन्हा घेतली. नंतर नायट्रिक आम्लाने पॅसिव्हेशन झाले. ते धुवायला खनिजरहित पाणी वापरले आणि धुऊन निघणाऱ्या पाण्याची वाहकता आत सोडलेल्या पाण्याच्या वाहकतेजवळ येईपर्यंत धुणे चालू ठेवले. बोअरवेलचे पाणी हायड्रो टेस्टला किंवा धुण्याला वापरण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. क्लोराइडच्या दृष्टीने ती या कामात चालत नाही आणि हे काम घेणाऱ्याने लहान का होईना, डीएम प्लांटची (खनिजरहित पाणी बनवणाऱ्या यंत्रणेची) तजवीज आधी करावी.

सुकवण्याचा टप्पा बऱ्याच जणांना औपचारिक वाटतो. पण अणुभट्टीतील जड पाण्याची समस्थानिक शुद्धता (साध्या पाण्याच्या मानाने जड पाण्याचे प्रमाण) ९९.७५ टक्क्यांहून अधिक राखावी लागते, आणि पात्राच्या तळाशी किंवा गाळणीच्या फटींत उरलेले साधे पाणी कितीही स्वच्छ असले तरी जड पाण्याच्या दृष्टीने ते दूषणच असते. म्हणून पात्रातून तेलविरहित, गाळलेली गरम हवा सोडली आणि बाहेर पडणाऱ्या हवेचा दवबिंदू ठरलेल्या मर्यादेखाली आल्यावरच नोझलची तोंडे बंद केली. तारापूर, कल्पक्कम, कुडनकुळम ही केंद्रे समुद्रकाठी आहेत, त्यामुळे पॅकिंग कसे केले हेही स्वच्छतेचेच अंग ठरते. पॉलिथिनचे वेष्टन, आत सिलिका जेल, नोझलला धातूच्या नव्हे तर प्लॅस्टिकच्या टोप्या आणि त्यावर क्रमांक घातलेल्या, मोजून लावलेल्या पट्ट्या, अशी रचना ठरली.

आत राहून गेलेल्या वस्तू

या चौकशीचा एक फायदा अनपेक्षित होता. नकाशा काढताना तळाच्या गाळणीजवळ फवारणी करणाऱ्याला मार्करचे एक टोपण दिसले. ते लोखंडाचे नव्हते, त्यामुळे निळे झाले नव्हते, आणि हायड्रो टेस्टलाही ते दिसले नसते. पुढे ते प्रवाहाबरोबर एखाद्या झडपेत जाऊन बसले असते की गाळणीवरच अडकले असते, हे सांगता येत नाही. बाहेरची वस्तू आत राहिल्याने काय होऊ शकते याचे अणुउद्योगातील ठळक उदाहरण अमेरिकेतील डेट्रॉइटजवळच्या फर्मी-१ अणुभट्टीचे आहे. तिथे ५ ऑक्टोबर १९६६ रोजी झिर्कोनियमचा एक पत्रा सुटून शीतकाच्या मार्गात अडकला आणि इंधनाच्या दोन जुडग्यांचा काही भाग वितळला. तो पत्रा उशिरा सुचलेली सुरक्षेची भर म्हणून बसवलेला होता. ही गोष्ट अंबडच्या कामगारांना सांगितली तेव्हा पहिला प्रश्न एका फिटरने विचारला: “साहेब, मग तो ड्रॉइंगमध्ये होता का?” प्रश्न अचूक होता. काम कितीही चांगल्या हेतूने केलेले असले तरी ते कागदावर नसेल, तर त्याची तपासणी कोणी करत नाही.

तेव्हापासून उघड्या पात्राजवळ नेण्याच्या प्रत्येक वस्तूची नोंद होते. मार्कर दोरीला बांधलेला असतो, खिशातले पेन, मोबाइल, तंबाखूची पुडी बाहेर राहते आणि जेवणाच्या सुट्टीतही नोझलवर टोपी चढते. बाहेर येताना मोजणी जुळली नाही तर पात्र बंद करायचे नाही, हा नियम पाळीप्रमुखालाही बदलता येत नाही.

सह्या, पुकारा आणि खंडेनवमी

स्वच्छतेच्या तक्त्यावर आधी तीन सह्या होत्या. वाढवून पाच कराव्यात असा प्रस्ताव आला, आणि तो फेटाळला गेला हे बरे झाले. एकाच कागदावर ओळीने सह्या असल्या की दुसरा पहिल्याच्या भरवशावर सही करतो आणि पहिला दुसरा पाहीलच या भरवशावर सैल होतो. आता दोनच सह्या आहेत, पण तपासणारा दुसरा माणूस पहिल्याचा तक्ता न पाहता, वेगळ्या कागदावर, वेगळ्या वेळी स्वतः पाहतो आणि मग दोन कागद जुळवले जातात. वेल्डिंग सुरू करताना फिलर वायरचा (जोडात वितळवून भरायच्या तारेचा) प्रकार आणि हीट नंबर (धातूच्या त्या वितळणीचा क्रमांक) मोठ्याने वाचायचा व जोडीदाराने तो पाहून परत उच्चारायचा, ही पद्धत रेल्वेचे लोको पायलट सिग्नल पुकारतात तिच्यावरून घेतली. मनमाड-इगतपुरी मार्गावर काम केलेले नातेवाईक घरात असलेल्या कामगारांना ती समजावून सांगावी लागली नाही.

पदार्थाच्या ओळखीबद्दलही एक सूचना इथेच नोंदवतो. हातात धरायचे एक्स-रे यंत्र क्रोमियम-निकेल बरोबर दाखवते, पण कार्बन मोजत नाही. म्हणून ३०४ आणि ३०४एल यांतला फरक त्याच्या भरवशावर ठरवता येत नाही, आणि त्यासाठी प्रमाणपत्र, हीट नंबरचे काटेकोर हस्तांतर आणि शंका असल्यास स्पार्क स्पेक्ट्रोमीटर (ठिणगीच्या प्रकाशावरून धातूतील घटक मोजणारे यंत्र) लागतोच. प्लेट कापण्याआधी नंबर तुकड्यावर उतरवायचा आणि नंतर कापायचे, हा क्रम उलटला की ओळख कायमची हरवते.

ऑक्टोबरात खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, नारळ फोडल्यावर उडणारे पाणी आणि सुतळी, यांतले काहीच स्वच्छ दालनात चालण्यासारखे नाही. नारळपाण्यात क्लोराइड असते हेही खरे. व्यवस्थापनाला पूजेवर बंदीची सूचना काढायची होती. वेल्डरांतल्या सगळ्यात ज्येष्ठ काकांनीच तोडगा सुचवला: दालनातली हत्यारे जागेवर राहू द्यायची आणि पूजा दाराबाहेरच्या उंबऱ्याची करायची. त्या वर्षी झेंडूचे तोरण दुहेरी दाराच्या बाहेरच्या चौकटीला लागले आणि आत एक पाकळीही आली नाही.

चुका सांगण्याची सोय हा सर्वांत हळू बदललेला भाग होता. मोजणी जुळत नाही किंवा हातमोजा फाटून हात लागला, असे स्वतःहून सांगणाऱ्याला त्या नोंदीबद्दल दंड नाही, असे लेखी जाहीर केले, तरी पहिले काही आठवडे वही कोरीच राहिली. पर्यवेक्षकाने स्वतःच्या हातून झालेल्या एका चुकीची नोंद त्याच वहीत सगळ्यांदेखत केली, तेव्हा कुठे दुसऱ्यांच्या नोंदी सुरू झाल्या. नोंदी वाढल्यावर मालकांना काळजी वाटली. दुसऱ्या पात्रावर नकाशाच्या पद्धतीने घेतलेली चाचणी मात्र कोरी आली.

खर्चाचा प्रश्न अजून मिटलेला नाही. दालनातली हवा, डीएम पाणी, जॉबनिहाय ब्रश, कमी हॅलोजनचे मार्कर आणि मोजणीला लागणारा वेळ, हे सगळे कारखान्याने पुढच्या निविदेत स्वतंत्र ओळ म्हणून दाखवले. खरेदी विभागाने दर कमी करण्यासाठी पहिली मागणी केली ती नेमकी त्याच ओळीवर सूट देण्याची. ज्या ग्राहकाचा निरीक्षक पंधरा सेकंदांच्या निळ्या रंगासाठी पात्र अडवतो, त्याच ग्राहकाचा खरेदी अधिकारी त्या रंगाला रोखणारा खर्च खोडायला सांगतो, ही विसंगती अंबडपुरती नाही. कारखान्याने ती ओळ काढली, रक्कम वेल्डिंगच्या दरात मिसळली आणि निविदा तशीच भरली.